अकरा मोजणे

मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी जावयानं कुंदाच्या आईचा आवाज बंद केला आणि तसं केल्याची पावती कुंदाच्याच टेबलावर पाठवली.

जावई म्हणजे माणूस नव्हे. वडशाच्या ‘गाढवी नेट’ या छोट्याशा इंटरनेट कंपनीच्या मागच्या खोलीतलं ते एक काळं कपाट. (गाढवी ही आमच्याकडची नदी आहे, हसू नका.) सरकारी कागदावर त्याचं नाव दोन ओळी भरून होतं, पण ऑफिसातल्या मंडळींनी ते बसवलं त्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं. त्याला वेगळा एसी लागायचा, त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, आणि तो काही म्हणाला तर उलट बोलायची सोय नाही. मग दुसरं काय म्हणणार त्याला?

पण कपाट होतं मोठं हुशार, हे कबूल केलंच पाहिजे. पूर्वी चोरीचे सिनेमे दाखवणारी एखादी वेबसाइट सापडली की निर्माता कोर्टात धावायचा. कोर्ट सगळ्या इंटरनेट कंपन्यांना हुकूम द्यायचं की ही साइट बंद करा. कंपन्या बंद करायच्या आणि संध्याकाळच्या चहापर्यंत तीच साइट नावातलं एक अक्षर बदलून पुन्हा हजर! निर्माता पुन्हा कोर्टात, चोर पुन्हा नव्या नावानं. अशी वर्षानुवर्षं शिवाशिवी चालली. मग कोर्टांनी हुकूमच असे काढले की आज सापडलेली बंद करा आणि उद्या उगवेल तीही बंद करा. आता उद्या उगवणारी ओळखायची कोणी? त्यासाठी जावई आला.

तो चोरी ओळखायचा ठशावरून. ठसा म्हणजे चित्र नव्हे, नाव नव्हे, भाषाही नव्हे. कोण बोललं, त्यानंतर किती वेळानं दुसरं बोललं, कुठे श्वास घेतला, कुठे शांत झालं, अशा थांब्यांची ती माळ. दोन तासांच्या सिनेमात असे दहा-बारा हजार थांबे सापडतात. चोर चित्र उलटं करील, रंग बदलील, आवाज चिरका करील, सिनेमा थोडा पळवीलही. पण थांब्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. ते बदलायचं तर बिचाऱ्याला अख्खा सिनेमा नव्यानं करावा लागेल. कोर्टानं मूळ कलाकृतीचा ठसा दिला की राज्यातली सगळी काळी कपाटं दीड मिनिटात तो ठसा जिथे जिथे उमटला असेल ती प्रत्येक जागा बंद करत. कुंदा गहाणे ही ‘गाढवी नेट’ची जबाबदार अधिकारी. नागपूरला शिकलेली, पुण्याची नोकरी सोडून वडिलांसाठी वडशाला परत आलेली. तिला या कल्पनेचं फार कौतुक होतं. इतकी साधी गोष्ट आपल्याला का नाही सुचली, असं तिनं दोन-तीनदा बोलूनही दाखवलं होतं.

त्या मंगळवारी पावतीवर लिहिलं होतं: ‘गिरजाबाईचे प्रयोग. ठसा जुळला, शंभरात सत्त्याण्णव. मूळ कलाकृती: उजेडाची सून, निर्माते अष्टकोन एंटरटेनमेंट. साइट बंद. सात दिवसांत हरकत न आल्यास सर्व प्रती पुसण्यात येतील.’

गिरजाबाई कुंदाची आई.

कुंदानं पावती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत फोन वाजला.

“पोरी, नेट गेलं काय?” वडील विचारत होते. “तुह्या मायचं काही लागून नाही राहिलं.”

* * *

वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेर. धान कापून झालं की इथल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसांत गावोगावचे लोक येतात, तारखा घेतात आणि होळीपर्यंत रोज एका गावी नाटक रंगतं. आज हे नाटक, उद्या ते, नटाला पाठ करायला वेळ कुठला? म्हणून इथे प्रॉम्प्टर हवाच. विंगेत वही घेऊन बसायचं, हलक्या आवाजात ओळ पुरवायची, नटानं ती उचलून हजारो लोकांसमोर फेकायची. डोमाजी गहाणे हे बत्तीस वर्षं प्रॉम्प्टर होते. अख्ख्या झाडीत त्यांना ‘न चुकणारे डोमाजी’ म्हणत. आणि त्यांनी पुरवलेली ओळ जिच्या तोंडात सोन्याची होई ती त्यांची बायको गिरजा.

प्रत्येक प्रयोगाला डोमाजी मांडीशी एक रेकॉर्डर ठेवत. कोण कुठे अडखळलं ते दुसऱ्या दिवशी ऐकायला. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये डोमाजींची कुजबुज जवळून येई आणि रंगमंचावरची माणसं जरा लांबून. प्रत्येक ओळ दोनदा. आधी डोमाजी, मग गिरजा. संसारही त्यांचा तसाच झाला. गिरजा गेल्यावर कुंदानं त्यातली उरलेली एकसष्ट रेकॉर्डिंगं कंपनीच्या सर्व्हरवर चढवून एक साइट करून दिली. रेकॉर्डरची मूळ कार्डं त्यानंतर बाद झाली. नाटक कंपनीच्या मालकांनी कंपनी मोडताना वह्या आणि हक्क डोमाजींच्या नावे लिहून दिले होते, त्यामुळे त्यात चोरीचं काही नव्हतं. रोज दुपारी जेवण झालं की डोमाजी एक नाटक लावत आणि भिंतीला पाठ टेकून ऐकत बसत. सहा वर्षांत एक दुपार चुकली नव्हती.

‘गाढवी नेट’चे मालक प्रभाकर लांजेवार. माणूस भला, पण सरकारी शिक्का पाहिला की त्यांना घाम फुटे.

“अष्टकोननं तुमचं नाटकच उचललं असंल,” पावती वाचून ते म्हणाले. “आता सिनेमे यंत्रच बनवते म्हणतात. एखादं जुनं रेकॉर्डिंग पोटात घाला, ते माणसं, घर, कपडे सगळं तयार करून देते. साइट तर उघडीच होती आपली.”

“मग चोर कोण झालं, भाऊ?”

“ते मले माहीत आहे अन् तुले माहीत आहे. जावयाले कुठं माहीत आहे? सिनेमाची नोंद आहे, आपल्या नाटकाची कुठंच नोंद नाही.” लांजेवारांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “हे पाह्य कुंदा, सही करून टाक. पुसायच्या आधी एक कॉपी काढून बाबाले देऊन दे. कोनाले काय कळते?”

कुंदानं पावतीसोबत आलेलं प्रतिज्ञापत्र त्यांच्यासमोर सरकवलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: हुकूम योग्य रीतीनं अमलात आला आहे, आमची हरकत नाही, आणि आमच्याकडे वा आमच्या माहितीत एकही प्रत उरणार नाही.

“हे मी शपथेवर कशी लिहू?”

“सगळेच लिहितात न बाप्पा!”

“चोरून ठेवलं भाऊ, तर ते चोरीचंच होऊन जाईल. मग बाबानं आईले चोरून ऐकायचं काय?”

लांजेवारांनी पाणी मागवलं.

* * *

जेवायच्या वेळी कुंदा घरी गेली. डोमाजी ताट वाढून बसले होते, पण घास मोडलेला नव्हता.

“माह्या एकट्यापुरतं उघडून दे न,” ते म्हणाले. “आपल्या घरच्या लायनीवर. तुह्या हाती तर आहे.”

आणि होतंच हो तिच्या हाती! एका घराची जोडणी तपासणीच्या नावाखाली जावयाच्या नजरेआड ठेवायची तर दोन मिनिटांचं काम. साऱ्या वडशात ते फक्त तिला येत होतं.

“नाही बाबा.”

“काऊन?”

“आज मी तुमच्यासाठी कोर्टाचा हुकूम वाकवला, तर उद्या खरा चोर आला तेव्हा त्याले कोणत्या तोंडानं नाही म्हणू? अन् मुख्य म्हणजे सात दिवसांनी ते पुसूनच जाणार आहे. तुमच्यासाठी उघडून काही वाचत नाही ते. मले वाचवायचं आहे.”

डोमाजींनी ताट बाजूला सारलं. आपल्या मुलीनं स्वतःच्याच आईच्या आवाजावर कुलूप घातलं, एवढंच त्यांना दिसत होतं. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. कुंदा उपाशीच ऑफिसला परतली. वाटेत तिला रडू आलं आणि तिनं ते भर रस्त्यात, उन्हात, सायकलवाल्यांच्या देखत रडून घेतलं.

मग तिनं एक काम केलं जे राज्यातल्या एकाही इंटरनेट कंपनीनं आजवर केलं नव्हतं. तिनं कोर्टाचा मूळ हुकूम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. चौसष्ट पानं. हुकूम काढणाऱ्या न्यायमूर्तींनी मोठ्या कष्टानं लिहिलेला, एकेक शब्द तोलून. आणि लोक फक्त शेवटच्या पानावरची सहीची जागा शोधायचे! पान एकोणपन्नासवर परिच्छेद सत्तेचाळीस होता. यंत्र चुकू शकते, असं त्यात सरळ म्हटलं होतं. अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे चूक दिसली तर त्यानं सात दिवसांत स्वतः न्यायपीठासमोर उभं राहून ती दाखवावी. हरकत उगाच घेतलेली ठरली तर त्या अधिकाऱ्याचा परवाना कायमचा रद्द होईल. पण हरकतीच्या तपासणीपुरती बंद केलेली सामग्री ऐकण्याची त्याला मुभा राहील.

कुंदानं खुर्ची पुढे ओढली आणि अर्ज लिहायला घेतला. पहिलंच वाक्य लिहिलं: ‘ज्यांच्या साइटविषयी ही हरकत आहे ते माझे वडील आहेत.’

लांजेवारांनी ते वाचून कपाळावर हात मारला. “हे काऊन लिहिलं? आपल्याच हातानं आपली केस पाडून राहिली तू!”

“खरं आहे म्हणून लिहिलं.”

* * *

तीन दिवस तिनं तपासणीच्या खोलीत कानांना हेडफोन लावून काढले. नाटकाचं नाव ‘कंदील घे गं सूनबाई’. लहानपणी तिनं ते विंगेत पेंगत पेंगत पाहिलं होतं, नीट ऐकलं कधीच नव्हतं. गोष्ट सरळ होती. सुनेला घराबाहेर काढणारी सासू पुढे नजर गमावते आणि वणवण करत त्याच सुनेच्या दारात येते. सून तिला ओळखते. हातात कंदील. आणि मग ती काहीच बोलत नाही. कंदिलाची काच काढते, पदरानं पुसते, परत बसवते आणि तेव्हा कुठे तोंड उघडते. ही गिरजाबाईंची प्रसिद्ध जागा. नागपूरच्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले होते. लोक म्हणत, बाई बोलत नाही तेव्हा काळजाला हात घालते.

रेकॉर्डिंगमध्ये त्या शांततेत कुंदाला वडिलांची कुजबुज ऐकू आली. संवाद नव्हता तो. आकडे होते.

“एक... दोन... तीन...”

अकरापर्यंत. तिनं दुसरा प्रयोग लावला, तिसरा लावला. आकडे तेच. आणि प्रत्येक वेळी सात आणि आठच्या मध्ये डोमाजी अडत. एवढीशी फट, पण प्रत्येक प्रयोगात. त्या फटीआधी काचेचा ‘टिंग’ असा आवाज, नंतर पुन्हा ‘टिंग’.

तिनं जावयाचा अहवाल उघडला. तिथे एक ओळ होती, जी आधी तिनं नजरेआड केली होती: ‘पार्श्वगोंगाट वगळला.’ म्हणजे जावयानं ठसा घेण्याआधी डोमाजींची सगळी कुजबुज गोंगाट म्हणून पुसली होती! बत्तीस वर्षांचं काम, आणि कपाटाच्या लेखी तो गोंगाट.

मग तिनं अष्टकोनचा ‘उजेडाची सून’ लावला. भारी घर, भारी कपडे, पावसाचा भारी आवाज. दारात सासू आली. सुनेनं काच काढली, पुसली, बसवायला हात उचलला आणि हात हवेत थांबला. क्षणभर काही कारण नसताना तसाच राहिला. मग काच खाली आली. टिंग.

कुंदाला ती फट ओळखू आली: सात आणि आठच्या मधली. तिनं हेडफोन काढले आणि तशीच घरी गेली.

* * *

“बाबा, कंदिलाच्या जागी तुम्ही अकरा काऊन मोजता?”

चार दिवसांत बाप-लेकीचं बोलणं नव्हतं. डोमाजी अंगणात बाजेवर बसले होते. प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा असा उतरला की कुंदा घाबरली.

“तू कुठं ऐकलं?”

“रेकॉर्डिंगमध्ये. सातनंतर अडता तुम्ही. दरवेळी.”

ते उठून आत गेले, पेटीतून एक जुनी लांबट वही काढून आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. एका पानाचा खालचा कोपरा फाटलेला होता. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘येथे अकरा मोजणे.’

“मी चुकलो होतो पोरी,” ते म्हणाले. “कुरखेड्याकडच्या एका गावात. तिसराच प्रयोग. पान फाटलं होतं, तर मी दुपारी भाताची शितं चोळून जोडलं. ओलंच होतं, मागच्या पानाले चिकटून बसलं. इकडं गिरजा दारात उभी, समोर पाच हजार मानसं, अन् माह्याजवळ ओळच नाही! पान ओढलं तर कोपराच हातात आला.”

“मग?”

“तिनं माह्याकडे पाह्यलं. एकदाच. तिले समजलं. तिनं काच काढली अन् पुसत बसली. शांत. जसं काही नाटकातच आहे. मले पान सुटलं तेव्हा तिनं काच बसवली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, हे ठेवाच. मग मी अकरा मोजत गेलो. पानाले कोपरा नव्हता, म्हणून सातले बोट ओलं करून मधूनच उचलावं लागे. ती थांबायची तेवढं. चौदा वर्षं थांबली. त्या पहिल्या रात्री घरी आल्यावर म्हणाली, कोनाले सांगू नका, मी आहो न.”

कुंदानं समासातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाबा, हे कोर्टात सांगावं लागेल.”

“नाही!” ते उसळून म्हणाले. “मले चुकला म्हणोत, माहं काय, मी आज आहो उद्या नाही. पन तुह्या मायचं नाव त्या जागेवर उभं आहे. लोक म्हणतील, अभिनय कायचा, चूक झाकत होती.”

“बाबा, पाच हजार लोकांसमोर, डोक्यात एक शब्द नसताना, तुम्हाले वाचवायसाठी तिनं ते तिथल्या तिथं उभं केलं. लेखकाले नाही सुचलं ते. याहून मोठा अभिनय कोणता, सांगा न मले?”

डोमाजींनी वही परत घेतली आणि फाटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. होकार काही त्यांनी दिला नाही. सोमवारी सकाळी मात्र धोतर-सदरा घालून, वही पिशवीत घालून, ते कुंदाच्या आधी बसस्टँडवर उभे होते.

* * *

नागपूरच्या डिजिटल स्वामित्व न्यायपीठात त्या दिवशी न्यायमूर्ती शरयू भागडीकर बसल्या होत्या. हुकूम त्यांचाच. परिच्छेद सत्तेचाळीसखाली कोणी आलंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून कुंदाकडे पाहिलं.

“हा परिच्छेद मी तीन वर्षांपूर्वी लिहिला,” त्या म्हणाल्या. “तो वाचणारं माणूस आज पहिल्यांदा बघते आहे. बोला.”

कुंदा उभी राहिली. “ठसा दोन गोष्टी एकच आहेत एवढं सांगतो. ते बरोबरच आहे, दोन्ही एकच आहेत. पण कुठली आधीची, हे ठसा सांगत नाही. ज्याची नोंद आहे तेच मूळ धरलं गेलं. तिथे चूक झाली.”

अष्टकोनचे वकील खानझोडे उठले. माणूस मुरलेला होता. “माय लॉर्ड, यांचं रेकॉर्डिंग वीस वर्षांपूर्वीचं आहे म्हणतात. आजच्या दिवसात मी दुपारी बसून माझ्या पणजोबांचं भाषण तयार करू शकतो, कुजबुजीसकट. तारखांना आणि आवाजांना आता काय किंमत?”

“मला मान्य आहे,” कुंदा म्हणाली. खानझोडे चपापले. “आमचं रेकॉर्डिंग बघूच नका. फक्त त्यांचा सिनेमा लावा. कंदिलाची जागा. आवाज बंद करून.”

डोमाजींना पडद्याकडे पाठ करून उभं केलं. हातात वही. कुंदानं खूण केली आणि ते मोजू लागले, अगदी त्या हलक्या विंगेतल्या आवाजात. पण न्यायपीठात इतकी शांतता होती की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

“एक... दोन...”

पडद्यावर सुनेनं काच काढली.

“पाच... सहा... सात...”

सुनेचा हात हवेत थांबला. इकडे डोमाजींनी बोट जिभेला लावलं, कोपरा नसलेलं पान मधून उचललं, उलटलं.

“आठ.”

काच बसली. त्यांना पडदा दिसत नव्हता. अकरा म्हटल्याबरोबर पडद्यावर सुनेचे ओठ हलले.

न्यायमूर्तींनी ते तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा तसंच. मग त्यांनी वही मागून घेतली, फाटका कोपरा पाहिला, समासातली वेगवेगळ्या शाईतली गावांची नावं पाहिली, चौदा हंगामांची.

“वकीलसाहेब, तुमच्या सुनेचा हात मध्येच का थांबतो?”

“ते... कलात्मक आहे, माय लॉर्ड. समीक्षकांनी नावाजलंय.”

“मी एकदा शिंप्याकडे मापाला जुना ब्लाउज दिला होता,” न्यायमूर्ती म्हणाल्या. “शिवण उसवली म्हणून त्याला सेफ्टी पिन लावलेली होती. त्यानं नवा शिवून आणला, त्यालाही त्याच जागी पिन! तुमच्या यंत्रानं तेच केलंय. पिन का लावली ते यांना ठाऊक आहे. तुम्हाला आहे?”

खानझोडे खाली बसले. अष्टकोननं हे साहित्य कोणा तिसऱ्याकडून घेतलं होतं, असं ते नंतर म्हणाले, आणि ते खरंही असेल.

मग डोमाजींनी सांगितलं. नाटकातल्यासारख्या शुद्ध भाषेत, ताठ मानेनं. “मी चुकलो होतो, न्यायमूर्ती. बत्तीस वर्षांत एकदाच. माझी चूक माझ्या पत्नीनं झाकली. आजवर मी ती लपवली, कारण तिनं तसं सांगितलं होतं. आज तिचाच आवाज पुसला जाणार आहे, म्हणून तिची आज्ञा मोडतो.”

न्यायमूर्तींनी तंत्रज्ञांना एकच गोष्ट सांगितली: गोंगाट न वगळता पुन्हा ठसा घ्या. न्यायपीठाच्या कपाटानं चार मिनिटं घेतली आणि जे दाखवलं ते पाहून कुंदाला त्या काळ्या पेटीबद्दलचं जुनं कौतुक दुपटीनं परत आलं. नुसती कंदिलाची जागा नव्हे. अख्ख्या सिनेमाभर, दहा हजारांवर थांबे, आणि जवळजवळ प्रत्येक थांबा डोमाजींनी त्या जागी पुरवलेल्या ओळीएवढाच लांब! सिनेमातली माणसं बोलण्याआधी थांबत होती, कारण गिरजा आणि तिचे सोबती कधीकाळी डोमाजींना ऐकायला थांबले होते. आवाज पुसून टाकला तरी त्याची जागा कोणाला पुसता आली नव्हती. यंत्रानं स्वतःच खाली लिहिलं: ‘मूळ कलाकृती बदलली. मूळ: गिरजाबाईचे प्रयोग.’

“विचारल्यावर खरं सांगतं बरं हे यंत्र,” न्यायमूर्ती म्हणाल्या. “नीट विचारायला माणूस लागतं, इतकंच.” आणि यापुढे कुठल्याही ठशात मागची कुजबुज वगळायची नाही, असा एक नवा परिच्छेद त्यांनी तिथल्या तिथे हुकुमात घातला.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून कुंदा वडिलांना ऑफिसात घेऊन आली. डोमाजींनी जावयाच्या खोलीबाहेर चपला काढल्या. लांजेवारांनी स्वतः खुर्ची आणून ठेवली आणि सगळ्यांसाठी पेढे मागवले होते, ते मात्र कोणी अजून उघडले नव्हते.

हुकूम आलेला होता. कुंदानं सही केली आणि ‘मान्य’ दाबलं. बंद करायला दीड मिनिट लागे, उघडायला किती लागतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आजवर काही उघडलंच नव्हतं. पडद्यावर नुसता पांढरा चौकोन.

“झालं काय?” लांजेवार म्हणाले.

“थांबा,” डोमाजी म्हणाले. त्यांची नजर चौकोनावर होती आणि ओठ आपोआप हलू लागले होते. “एक... दोन... तीन...”

कुणी हसलं नाही. कुंदा त्यांच्याकडे पाहत राहिली. सातला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि समोर नसलेलं पान उचललं.

“आठ... नऊ... दहा... अकरा.”

चौकोन आणखी थोडा वेळ तसाच राहिला. मग भरला. कुंदानं कंदिलाची जागा लावली. काचेचा आवाज झाला, मागोमाग मांडीजवळून बोलल्यासारखी तरुण डोमाजींची कुजबुज आली. म्हातारे डोमाजी ओळ पुरवायला पुढे वाकले, पण ओठ घट्ट मिटून बसले. या खेपेला त्यांना नुसतं ऐकायचं होतं.

“या सासूबाई,” गिरजा म्हणाली. “उंबरा उंच आहे, पाय जपून टाका.”